संपलं न म्हणणारं हॉटेल

त्या हॉटेलात मी तीनदा जेवले आणि तिन्ही वेळा अर्धं ताट डब्यात भरून घरी आणलं. आमच्याकडे उरलेलं टाकायची पद्धत नाही. नवरा नांदेडचा, शिळी भाकरी कुस्करून ताकात खाणारा माणूस. पण तिसऱ्या वेळचा डबा त्यानंही उघडला, वास घेतला आणि काही न बोलता झाकण परत लावलं.

हॉटेल कॅरिबियन. टोरांटोच्या पूर्वेला, स्कार्बरोत, आमच्या घरापासून गाडीनं बारा मिनिटांवर. नाव सांगत नाही. तिथली माणसं मनानं चांगली आहेत, पाणी न मागता आणतात. तक्रार जेवणाची आहे.

पहिल्यांदा गेलो तो जानेवारी होता. बाहेर उणे अठरा. आत भिंतीवर नारळाची झाडं, एक लाकडी पोपट, आणि स्वच्छतागृहाच्या दारावर जमैकाचा गायक बॉब मार्ली. मेनू हातात आला आणि मी हरखले. मी रत्नागिरीची. कॅरिबियन मेनू वाचताना मला आमच्या परसातून फिरल्यासारखं वाटतं. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. त्रिनिदादचं कॅलालू म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध, थोडक्यात अळूच्या फदफद्याची चुलत बहीण. सॉरल नावाचं लालभडक सरबत असतं ते लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घालून, नाताळात करतात. हे कळल्यावर नवऱ्यानं मान वर केली. नांदेडकराला अंबाडी म्हटलं की भाजी आठवते, वरून लसणाची फोडणी. तिचं सरबत होतं हे त्याला आजही नीट पटलेलं नाही.

नीरफणसाची तर कथाच आहे. तो मूळचा कॅरिबियनचा नाहीच. उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून इंग्रजांनी त्याची रोपं ताहितीहून आणायला जहाज पाठवलं. कॅप्टन ब्लाय. 1789 मध्ये त्याच्याच खलाशांनी बंड केलं, त्याला होडीत बसवून समुद्रात सोडलं आणि रोपं पाण्यात फेकून दिली. गडी जिवंत परतला, पुन्हा गेला, आणि 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला रोपं पोचवलीच. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांना सुरुवातीला ते फळ आवडलंही नाही म्हणतात. आता त्याच्यावाचून चालत नाही.

एवढं सगळं मी नवऱ्याला सांगत होते तेवढ्यात ब्रेडफ्रूट आलं. टिनातलं. करड्या रंगाच्या चार फोडी, मेणासारख्या, कडेला पाणी सुटलेलं. मेनूत ‘भाजलेलं’ लिहिलं होतं, तर वर जाळीच्या काळ्या रेघा होत्या खऱ्या. आमच्या आईनं नीरफणसाचे काप केले की हळद-तिखट-मीठ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस होईपर्यंत ती तिथून हलत नसे. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखे. मी तिखट मागितलं. वेटरनं एक पिवळी बाटली आणून ठेवली. मोहरी आणि व्हिनेगर.

मग जर्क चिकन. आता जर्क ही काही आमटी नाही, ती रीत आहे. जमैकाच्या डोंगरांत पळून जाऊन राहिलेल्या गुलामांनी, ‘मरून्स’ म्हणतात त्यांना, रानडुकराचं मांस मसाला चोळून हिरव्या लाकडाच्या धगीवर तासन्‌तास शिजवायची ही तऱ्हा बसवली. इंग्रजांना हे लोक हटवता आले नाहीत, 1739 मध्ये त्यांच्याशी तह करावा लागला. सह्याद्रीच्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. मसाल्यात मुख्य दोन: स्कॉच बॉनेट मिरची, आणि पिमेंटो, जो दुकानात ऑलस्पाइस म्हणून मिळतो. दिसायला मिऱ्यासारखा, चुरडला की लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकदम. लाकूडही त्याच झाडाचं हवं. टोरांटोत ते कुठून मिळणार, म्हणून इथले चांगले लोक लोखंडी पिंप आडवं कापून त्यात कोळसा घालतात. उन्हाळ्यात प्लाझाच्या मागे असं पिंप धुमसत असलं की पार्किंगमध्येच पावलं वळतात.

आमच्या पुढ्यातलं चिकन ओव्हनमधलं होतं. कातडी फिकट, आणि वरून तपकिरी गोडसर सॉस ओतलेला, लग्नाच्या बुफेतल्या मंचुरियनवर असतो तसा. धुराचा पत्ता नाही. नवरा म्हणाला, “बरं आहे की.” नांदेडकडे ‘बरं आहे’ म्हणजे काय ते मला अठरा वर्षांच्या संसारात कळलंय.

तर एकदा फसलो, पुन्हा कशाला जायचं? पण दुसऱ्यांदा गेलो ते बाबांमुळे. 2019 च्या जूनमध्ये बाबा आले होते, वय एकाहत्तर. बाबांकडे एक वही आहे. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्याची पेपरातली कात्रणं, खळीनं चिकटवलेली, आता पिवळी पडून कडांना तुटणारी. वाडेकर कप्तान. किंग्स्टनला पहिल्याच कसोटीत सरदेसाईंचे 212, आणि मग वाडेकरांनी त्यांच्या कप्तानाला, सोबर्सला, जाऊन सांगितलं, फॉलोऑन. पोर्ट ऑफ स्पेनला विजय, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिलाच. आणि चार कसोट्यांत गावस्करचे 774. तेव्हा तेवीस वर्षांच्या, पुण्याच्या पलीकडे न गेलेल्या बाबांना दिल्ली कशी आहे ते ठाऊक नव्हतं, पण किंग्स्टन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन ही गावं आजोळासारखी पाठ होती. “इथे त्यांची माणसं राहतात ना गं? मग त्यांचं जेवण जेवू की एकदा.” आता बाबांना नाही कोण म्हणणार.

तोच वेटर मुलगा होता. बाबांनी त्याला इंग्रजीत विचारलं, “पोर्ट ऑफ स्पेनचे का तुम्ही?” तो हसून म्हणाला, मी इथलाच, आई सेंट व्हिन्सेंटची. बाबा मराठीत पुटपुटले, “तिथे कसोटी नव्हती.” पण लगेच त्याच्याशी हातही मिळवला.

बाबांनी मागवलं करी गोट, सोबत ‘राइस अँड पीज’. ताट आलं तेव्हा ते चमच्यानं भात उकरत बसले. “पीज कुठायत? हा तर राजमा आहे.” जमैकात राजम्यालाही पीजच म्हणतात, मी सांगितलं. हा भात खरा काय असतो ते मी एका जमैकन शेजारणीकडे खाल्लेलं आहे. राजम्याच्या पाण्यात नारळाचं दूध, थाइमची काडी, आणि वर एक अख्खी स्कॉच बॉनेट ठेवायची. ती फुटता कामा नये. भात शिजला की तिला देठाला धरून अलगद उचलून काढायची. म्हणजे मिरचीचा वास सगळ्या भाताला आणि जाळ कुणालाच नाही. शेजारीण ती मिरची काढताना श्वास रोखून धरते. इथल्या भाताला नारळ लागला नव्हता, मिरचीचा प्रश्नच नव्हता. गरम पाण्यावर ठेवलेल्या ट्रेमध्ये दिवसभर बसलेला भात, वरची शितं पापुद्र्यासारखी कडक.

मटण चिवट होतं. बाबांनी एक फोड बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवली. मग म्हणाले, “गावस्करनं पोर्ट ऑफ स्पेनला दाढ ठणकत असताना 124 आणि 220 काढले. मला या कवळीनं एक बकरा काढता येत नाही.” आम्ही इतके हसलो की पलीकडच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. पण त्यांचं निदान पुढे आलं. रस्सा बोटानं चाटून ते म्हणाले, “हळद कच्ची आहे. फोडणीच झालेली नाही.” बाबा आयुष्यात कधी कॅरिबियन बेटांवर गेलेले नाहीत, पण ते अचूक होतं. तिथे करी पावडर आधी गरम तेलात करपायच्या बेतापर्यंत परततात, त्याला म्हणतातच ‘बर्न द करी’. ते केलं नाही तर रश्श्याला कच्च्या पिठाचा, औषधी वास राहतो. तोच होता. वर मैदा लावून दाट केलेला.

बिलाच्या मशीनवर टीपचे तीन पर्याय आले: अठरा, वीस, बावीस टक्के. बाबांनी डॉलरचे रुपये केले आणि नंतर घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री वही काढून बसले.

तिसऱ्यांदा गेले त्याला कारण माझी ऑफिसातली मैत्रीण. आमची ओळख एका शब्दामुळे झाली. फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलता बोलता ती म्हणाली, “माय आजी”. मी खुर्चीसकट वळले. तिचे आईवडील गयानाचे. वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा, आईकडचे नाना-नानी. शब्द भोजपुरीतून आलेले. 1838 च्या मे महिन्यात गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची पहिली दोन जहाजं कलकत्त्याहून गयानाला लागली. त्रिनिदादला पहिलं जहाज 30 मे 1845 ला. गुलामगिरी संपली होती आणि मळेवाल्यांना उसात राबायला माणसं हवी होती. 1917 पर्यंत ही भरती चालू होती. बहुतेक जण बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचे. आपले कोकणातले लोक त्या काळात निघाले ते जास्त करून मॉरिशसकडे. मैत्रिणीला हिंदीचं एक वाक्य येत नाही, पण स्वयंपाकघरात शिरली की तवा, बेलना, कढाई, लोया, चोखा, बैगन. जिऱ्याला ‘गीरा’. चवळीच्या शेंगांना ‘बोडी’. भाषा गेली आणि भांडी राहिली.

त्या हॉटेलच्या मेनूत ‘दालपुरी रोटी’ होती आणि आम्हाला भूक लागली होती, बाकी काही नाही. मंगळवार, संध्याकाळचे सात. दालपुरी म्हणजे तिखट पुरणपोळी समजा. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून अर्धवटच शिजवायची, निथळून कोरडी वाटायची, भाजलेलं जिरं, लसूण, मिरची घालून ते सारण लोयात, म्हणजे कणकेच्या गोळ्यात, भरायचं आणि तव्यावर तेलाचा हात फिरवत भाजायचं. जमली तर पोळी रेशमासारखी पडते आणि डाळ आत एकसारखी पसरलेली असते. आईची पुरणपोळी पाहिलेल्या कुणालाही या कामात किती वेळ आणि किती शाप लागतात ते माहीत आहे.

मैत्रिणीनं पोळीची कड दोन बोटांनी उचलली. ती वाकली नाही, मोडली. आतून डाळ वाळूसारखी ताटात सांडली. मधला भाग गार, कडा चामड्यासारख्या. “फ्रीझर, मग मायक्रोवेव्ह,” ती म्हणाली. आजीच्या हातची खाल्लेल्या माणसाला राग यावा, पण तिला राग आला नाही. तिनं मेनू पुन्हा उघडला आणि वेटरला एकेक विचारायला लागली. बस-अप-शट आहे? आहे. फुलोरी? आहे. सहिना? आहे. पेपरपॉट? आहे. क्युबन सँडविचही होतं. चौसष्ट पदार्थ, मी नंतर मोजले. मेनू मिटून ती म्हणाली, “इथे काहीच फिनिश होत नाही.”

‘फिनिश’ हा तिच्याकडचा शब्द. खऱ्या कॅरिबियन टपरीवर दुपारी दोननंतर गेलात तर काउंटरपलीकडची बाई मान वर न करता सांगते: ऑक्सटेल फिनिश. दालपुरी फिनिश. राइस अँड पीज फिनिश, पांढरा भात आहे. गिऱ्हाईक ओशाळतं, जणू उशिरा येण्यात त्याचीच चूक. मला त्या वाक्यानं एकदम घरी आल्यासारखं झालं. पुण्यात शिकायला होते तेव्हा ‘संपले’ची पाटी वाचून मी कितीदा परत फिरलेय. त्या पाटीला आपण हसतो, पुणेरी माज म्हणतो. पण ती पाटी सांगत असते की सकाळी एक पातेलं लावलं होतं आणि ते एकच होतं.

चौसष्ट पदार्थांचं हॉटेल तसं सांगू शकत नाही. मुळात ‘कॅरिबियन’ असं एक जेवण नाहीच. किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन सुमारे 1,800 किलोमीटर, मुंबई-कोलकात्यापेक्षा जास्त. एकीकडे जर्क, दुसरीकडे रोटी. एकाच्या रश्श्यात पिमेंटो, दुसऱ्याच्यात गीरा. तरी ती सगळी एका मेनूत कोंबली जातात, आपल्या महामार्गावरच्या ‘पंजाबी-चायनीज-साउथ इंडियन’ पाटीसारखी. हॉटेलवाल्याचंही बरोबर आहे म्हणा. भाडं मोठं, दहा जणांचा घोळका वाढदिवसाला येतो, त्यात एक जमैकन, एक त्रिनिदादी, एकाला फक्त चिकन विंग्ज हव्यात आणि एक मी, डोळे मिटून नीरफणस मागणारी. प्रत्येकाला ‘आहे’ म्हणायचं तर फ्रीझरशिवाय गत्यंतर नाही. आणि तिखट? कुणीतरी एकदा तक्रार केली असणार, मग एक मिरची कमी. मग आणखी कुणीतरी. शेवटी उरते ती पिवळी बाटली.

पण मी फार बोलायच्या लायकीची नाही. मागच्या गणपतीत आमच्या मंडळाच्या जेवणाला मी याच मैत्रिणीला बोलावलं होतं. दीडशे पानं. उकडीचे मोदक कोण वळणार? गोठवलेले आणले, खोक्यातून. मीच मायक्रोवेव्हमध्ये फिरवले, मीच कौतुकानं तिच्या पानात वाढले, वर तूप, आणि सांगत बसले, आमच्या कोकणात कळ्या कशा पाडतात, उकड कशी मळतात. तिनं ऐकून घेतलं. अर्धा खाल्ला. पारीचा रबर झाला होता आणि आतलं खोबरं बर्फाचं पाणी सोडत होतं. उरलेला अर्धा तिनं कागदी रुमालात गुंडाळून पानाच्या कडेला ठेवलेला मी पाहिला. तेव्हा ती काही म्हणाली नाही. त्या मंगळवारी हॉटेलात दालपुरीकडे बघताना मात्र आमची नजरानजर झाली.

मग तिनंच मला एका रोटीवाल्या बाईचा पत्ता दिला. पुढच्या शनिवारी मी निघाले. सांगितलं होतं अकराच्या आत. मला पोचायला साडेबारा झाले, कारण शनिवारी घरात जे होतं ते झालं. प्लाझाच्या कोपऱ्यात, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून. बसायला जागा नाही. रांग दाराबाहेर, बर्फात. आत तव्याचा ठाक ठाक आवाज: बस-अप-शट करताना पराठा तव्यावरच दोन लाकडी पट्ट्यांनी हाणतात, त्याच्या चिंध्या होईपर्यंत, म्हणून तर त्याला फाटक्या शर्टाचं नाव. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, लोकरी टोपी कानावर ओढलेली. त्यांनी सहा दालपुरी घेतल्या. बाईनं कागदात गुंडाळल्या, वाफ काचेवर बसली. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, “दालपुरी फिनिश.”

“बस-अप-शट?”

“वीस मिनिटं.”

गाडी पार्किंगमध्ये नको तिथे लावलेली. सहिना होत्या तीन. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून, वळकटी करून, काप तळलेले. म्हणजे अळूवडी, चिंच-गूळ वगळून. तिन्ही घेतल्या. आणि दोन डबल्स. डबल्स म्हणजे हळदीच्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, ‘बारा’ म्हणतात त्यांना, त्यावर छोल्यांचा पातळ रस्सा, काकडी, चिंचेचं पाणी, आणि शॅडो बेनी, म्हणजे कोथिंबिरीच्या वासाचा पाला, ज्याला तिथले जुने लोक बंधनिया म्हणतात, त्याची चटणी. 1936 च्या सुमाराला त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनला सुरू झालं म्हणतात. आधी एकच बारा मिळायची. लोक दोन मागायला लागले, नाव पडलं.

“पेपर?” बाईनं विचारलं.

मैत्रिणीनं पढवून ठेवलं होतं. “स्लाइट,” मी म्हणाले. म्हणजे किंचित. बाईनं चमच्याचं टोक फिरवलं, कागद दोन्हीकडून पिळून बंद केला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

घरी न्यायचं ठरवलं होतं. गाडीत बसले, हीटर लावला, आणि कागद उघडला. डबल्स खायला तंत्र लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. बारा फाटली, छोले मनगटावरून बाहीत गेले, नाकातोंडातून पाणी. किंचित म्हणे. हातमोज्यानं डोळे पुसले ते आणखी झोंबले. दुसरं डबल्स नवऱ्यासाठी होतं. तेही खाल्लं.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, “रोटी कुठाय?”

“फिनिश,” म्हटलं आणि सहिना पुढे केल्या. त्यानं एक उभ्या उभ्याच तोंडात टाकली, दुसरी घेतली, मग तिसरी कुणासाठी ठेवलीय का, असं माझ्याकडे बघितलं.

स्टिअरिंगवर हळदीची बोटं उमटली आहेत. साबणानं घासून पाहिलं, निघत नाहीत.